लेचे: स्पॅनिश माणूस दुधाच्या नावानं काय काय बोलतो

स्पॅनिशच्या कुठल्याही क्रमिक पुस्तकात ‘काफे कोन लेचे’ पहिल्या दोन-तीन धड्यांतच भेटतो. काफे म्हणजे कॉफी, कोन म्हणजे सोबत, लेचे म्हणजे दूध. उच्चार सोपा, वस्तू रोजची, त्यामुळे शिकणारा त्या शब्दावर बरोबरची खूण करून पुढे सरकतो. मग तो कधीतरी माद्रिदला जातो आणि पहिल्याच आठवड्यात कानावर पडतं की शेजारचा मुलगा ‘ला लेचे’ आहे, ऑफिसातले साहेब आज ‘दे माला लेचे’ आहेत, समोरून बस ‘आ तोदा लेचे’ निघून गेली आणि जिन्यात कुणीतरी स्वतःला ‘उना लेचे’ देऊन घेतली. या चारही वाक्यांत दुधाचा थेंब नाही. मुलगा भन्नाट आहे, साहेब भडकलेले आहेत, बस सुसाट गेली आणि जिन्यातला माणूस सपशेल आपटला.

अशा प्रयोगांच्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात. त्या पाठ करून फारसं काही हाती लागत नाही, कारण यादीत प्रत्येक अर्थ सुटा दिसतो आणि एकच शब्द कौतुकालाही चालतो, थपडेलाही चालतो, हे कोडं तसंच राहतं. माझ्या मते लेचेचे हे सगळे उलटसुलट अर्थ मुख्यतः दोन ठिकाणांहून आले आहेत. एक आहे दाईचा पदर आणि दुसरं चर्च. तिथे जाण्याआधी खऱ्या दुधाकडे मात्र नीट बघायला हवं.

आधी पेल्यातलं दूध

लॅटिनमध्ये दूध म्हणजे ‘लाक्’. विभक्ती लागली की त्याचं ‘लाक्ते’ होतं. लॅटिनमधला हा ‘क्त’ स्पॅनिशमध्ये येताना नेमानं ‘च’ झाला. ‘नोक्ते’ची, म्हणजे रात्रीची, ‘नोचे’ झाली. ‘ओक्तो’चा, म्हणजे आठाचा, ‘ओचो’ झाला. तसंच ‘लाक्ते’चं ‘लेचे’. संस्कृतातले ‘नक्त’ आणि ‘अष्ट’ हे याच नोक्ते-ओक्तोचे लांबचे भाऊबंद. अष्टचा आठ करताना आपणही जोडाक्षर असंच जिभेवर विरघळवलं. इटालियन, फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत दूध पुल्लिंगी झालं, स्पॅनिशमध्ये मात्र ते स्त्रीलिंगी झालं. म्हणून त्याच्याआधी ‘ला’ किंवा ‘उना’ लागतं. हे दोन चिमुकले शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्यांचाच आहे.

लेचेचं गोत मोठं आहे. बाळाचे दुधाचे दात आपल्यासारखेच, ‘दिएन्तेस दे लेचे’. अजून आईचं दूध पिणारं डुकराचं पिल्लू म्हणजे ‘लेचोन’, आणि स्पेनच्या मधल्या भागातल्या कास्तियातल्या गावांत लाकडाच्या भट्टीत मातीच्या ताटात भाजतात ते दूधपितं कोकरू म्हणजे ‘लेचाथो’. लेट्यूसची भाजी ‘लेचुगा’ झाली, कारण तिचा देठ कापला की पांढरा चीक येतो. मराठीतही झाडाचा चीक आणि व्यालेल्या गाईचा चीक हा एकच शब्द आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी वाटायला नको. व्हेनेझुएला आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात पपईला ‘लेचोसा’ म्हणतात, तेही तिच्या चिकामुळेच.

आता कॉफी. स्पेनमध्ये ‘काफे कोन लेचे’ हा मुख्यतः सकाळचा मामला. थोड्याशाच दुधाचा ‘कोर्तादो’ दिवसभर चालतो. दुधात कॉफीचा नुसता डाग हवा असेल तर ‘लेचे मान्चादा’, म्हणजे शब्दशः डाग पडलेलं दूध. मालागा शहरानं याची पार शास्त्रशुद्ध पायरी-पायरी लावली. तिथल्या काफे सेन्त्राल या जुन्या हॉटेलात कॉफी-दुधाच्या प्रत्येक प्रमाणाला वेगळं नाव होतं आणि भिंतीवरच्या फरशांवर ते पेल्यांच्या चित्रांसह रंगवलेलं होतं. निम्मं-निम्मं असेल तर ‘मिताद’, दूध जास्त असेल तर ‘सोम्ब्रा’ म्हणजे सावली, त्याहून जास्त असेल तर ‘नुबे’ म्हणजे ढग, आणि शेवटी रिकाम्या पेल्यासमोर ‘नो मे लो पोंगा’, म्हणजे ‘मला देऊच नका’. हॉटेल जानेवारी २०२२ मध्ये बंद झालं, नावं मात्र मालागात अजून रूढ आहेत.

या पेयाला एकदा जगभर प्रसिद्धीही मिळाली. सप्टेंबर २०१३ मध्ये अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आइरेसला २०२० च्या ऑलिंपिकचं यजमानपद ठरत होतं. माद्रिदच्या तेव्हाच्या महापौर आना बोतेया यांनी समितीसमोर इंग्रजीत भाषण केलं आणि प्लाथा मायोर चौकात निवांत बसून ‘काफे कोन लेचे’ घेण्याचं आमंत्रण दिलं. माद्रिद पहिल्याच फेरीत बाद झालं, स्पर्धा टोकियोला गेली आणि ते वाक्य स्पेनमध्ये टी-शर्ट आणि मगांवर छापलं गेलं. स्पॅनिश लोक त्यावर इतके का हसले, याचं मुख्य कारण त्यांच्या महापौरांचं इंग्रजी. पण ज्या शब्दाचा रस्त्यावरचा संसार एवढा उद्धट आहे, त्याला इतक्या मखमली सुरात ऐकणं हेही त्यात थोडं असावं.

स्वयंपाकघरात ‘आर्रोथ कोन लेचे’ म्हणजे तांदळाची खीरच, फक्त वेलदोड्याऐवजी दालचिनी आणि लिंबाची साल घातलेली. उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियात वरून साखर पेरून ती जाळतात. ‘लेचे फ्रिता’ म्हणजे तळलेलं दूध. दूध, साखर आणि पीठ घट्ट शिजवून थापायचं, गार झालं की वड्या पाडायच्या, पीठ आणि अंड्यात घोळवून तळायच्या आणि साखर-दालचिनीत लोळवायच्या.

कायद्यानं दूध कशाला म्हणावं, यावर युरोपात खटला झालेला आहे. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानं निकाल दिला की वनस्पतीपासून केलेलं पेय ‘दूध’ या नावानं विकता येणार नाही. म्हणून स्पेनच्या दुकानात सोयाच्या खोक्यावर ‘पेय’ असं लिहिलेलं असतं. मात्र परंपरेनं चालत आलेल्या काही नावांना सूट आहे, आणि स्पॅनिशच्या यादीत ‘लेचे दे आल्मेन्द्रास’ म्हणजे बदामाचं दूध आहे. ही सूट लाडाची नाही. ख्रिस्ती उपवासांच्या काळात दूधदुभतं वर्ज्य असे, तेव्हा मध्ययुगातले आचारी गाईच्या दुधाची जागा बदामाच्या दुधानं भरून काढत. शेकडो वर्षं जुनं नाव न्यायालयानंही मोडलं नाही. तिकडे पेरूमध्ये सेविचे नावाच्या कच्च्या माशाच्या पदार्थाला सुटणाऱ्या लिंबू-मिरचीच्या आंबट पाण्याला ‘लेचे दे तिग्रे’, वाघाचं दूध, म्हणतात. पेरू युरोपीय संघात नसल्यामुळे वाघाला परवानगी लागत नाही.

दाईचं दूध, बाळाचा स्वभाव

लाक्षणिक प्रयोगांमध्ये माझ्या दृष्टीनं सगळ्यात खोल आहे तो ‘माला लेचे’. शब्दशः वाईट दूध. अर्थ: खुनशीपणा, कुजकेपणा, नाहीतर नुसता वाईट मूड.

यामागे एक गंभीर समजूत आहे. ग्रीक-रोमन वैद्यकापासून चालत आलेली कल्पना अशी की आईचं दूध म्हणजे शरीरात शिजून पांढरं झालेलं रक्तच. मग रक्तातून जे वंशात उतरतं तेच दुधातूनही उतरणार. बाळ ज्या बाईचं दूध पिईल, तिचा स्वभाव, तिचा राग, तिची नीतिमत्ता बाळात येणार. तेराव्या शतकात कास्तियाचा राजा दहावा आल्फोन्सो यानं करवून घेतलेल्या ‘सात भागांच्या’ मोठ्या कायदेसंहितेत राजपुत्रांच्या दायांविषयी एक कलम आहे. दाई निरोगी असावी, दूध भरपूर असावं, घराणं चांगलं असावं हे तर आहेच. पण खास बजावून सांगितलं आहे की ती फार रागीट नसावी. म्हणजे ‘माला लेचे’ या शब्दप्रयोगातला विचार कायद्याच्या पुस्तकात आधीच बसलेला होता.

सोळाव्या शतकात फ्राय लुइस दे लेओन या विद्वान संन्यासी कवीनं विवाहित स्त्रीच्या कर्तव्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात तो श्रीमंत बायकांवर डाफरतो की पोटच्या पोराला परक्या बाईच्या पदराखाली देऊ नका, दुधाबरोबर त्याला दुसऱ्याचेच गुण लागतील. त्या काळच्या स्पेनला ‘रक्तशुद्धी’नं पछाडलेलं होतं, धर्मांतरित ज्यू आणि मुसलमानांच्या वंशजांकडे संशयानं बघितलं जाई, आणि राजघराण्यातल्या बाळाची दाई अस्सल जुन्या ख्रिस्ती कुळातली असावी हा आग्रह त्याचाच भाग. दुधावरून माणसांची प्रतवारी करण्याचा हा भाग वाचताना हसू येत नाही.

श्रीमंतांनी अर्थातच फ्राय लुइसचं ऐकलं नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडच्या कान्ताब्रियातल्या पास खोऱ्यातल्या बायका दाया म्हणून माद्रिदमध्ये फार नावाजल्या गेल्या. हा डोंगराळ, गाईगुरांचा, दूधलोण्याचा मुलूख. तिथल्या धष्टपुष्ट बायकांचं दूध उत्तम अशी ख्याती. १८३० मध्ये जन्मलेल्या राजकन्या इसाबेलसाठी राजवाड्यानं कान्ताब्रियातल्याच सान्तान्देरच्या भागातून दाई आणवली, आणि मग माद्रिदच्या उच्चभ्रू घरांतही तशीच दाई ठेवणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. मखमली पट्ट्यांचा घेरदार घागरा, गळ्यात पोवळ्यांच्या माळा, अशा थाटात ती बाई बाळाला घेऊन बागेत फिरे. तिचं स्वतःचं तान्हं मूल मात्र बहुतेक वेळा गावाकडेच मागे राहिलेलं असे. तिच्या अंगावर प्यालेली दोन घरांतली मुलं म्हणजे ‘एर्मानोस दे लेचे’, आपल्याकडचे दूधभाऊ.

आज दाया नाहीत. समजूत मात्र म्हणींत उरली आहे: ‘लो के एन ला लेचे से मामा, एन ला मोर्ताहा से देर्रामा’, दुधातून जे प्यायलं ते कफनातच सांडतं. आपण ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ म्हणतो तेव्हा खोड कुठून आली हे सांगत नाही. स्पॅनिश म्हण सांगते.

वापरताना एक बारकावा सांभाळावा लागतो. ‘तेनेर माला लेचे’, म्हणजे वाईट दूध ‘असणं’, हा स्वभाव झाला: माणूस मुळातच खुनशी. ‘एस्तार दे माला लेचे’, म्हणजे वाईट दुधात ‘असणं’, ही फक्त आजची अवस्था: झोप झाली नाही, ट्रॅफिक लागला, संध्याकाळपर्यंत निवळेल. आणि ‘कोन माला लेचे’ केलेलं काम म्हणजे मुद्दाम, डूख धरून केलेलं, उदाहरणार्थ फुटबॉलमध्ये चेंडू सोडून नडगीवर घातलेली लाथ. गंमत अशी की विनोदी लेखनाच्या बाबतीत हीच गोष्ट कौतुकाची ठरते. एखाद्याच्या विनोदात ‘माला लेचे’ आहे असं स्पॅनिश माणूस म्हणतो, तेव्हा तो त्या झोंबऱ्या, तिरकस धारेला दाद देत असतो. याच प्रयोगात दुधाऐवजी द्राक्षही चालतं: ‘माला उवा’, वाईट द्राक्ष. ते जरा सौम्य, घरात मुलांसमोर बोलण्याजोगं.

देवाच्या जागी बसलेलं दूध

माला लेचे दाईमुळे उलगडला, पण सुसाट बस, जिन्यातली आपटी आणि भन्नाट मुलगा यांचं काय? इथे दुसऱ्या एका खाद्यवस्तूची ओळख करून घ्यावी लागते: ‘ओस्त्या’. कॅथलिक चर्चमध्ये मिस्साच्या, म्हणजे सामूहिक उपासनेच्या वेळी जी पिठाची पातळ गोल चकती भाविकांना देतात, ती ओस्त्या. अभिमंत्रित झाल्यावर ती साक्षात ख्रिस्ताचं शरीर मानली जाते. वसई किंवा गोव्याच्या वाचकाला हे सांगायला नको. याहून पवित्र वस्तू त्या धर्मात नाही, आणि नेमका म्हणूनच हा शब्द स्पेनमधल्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या शिव्यांपैकी एक झाला. जिथे धर्माचा धाक मोठा, तिथे शिव्या देवघरातूनच निघतात.

आता दोन्ही शब्द शेजारी ठेवा. भन्नाट असणं: ‘सेर ला ओस्त्या’, ‘सेर ला लेचे’. सुसाट वेगानं: ‘आ तोदा ओस्त्या’, ‘आ तोदा लेचे’. थप्पड किंवा आपटी: ‘उना ओस्त्या’, ‘उना लेचे’. वाईट मूड: ‘माला ओस्त्या’, ‘माला लेचे’. ‘छट्, मुळीच नाही’ म्हणायला: ‘ई उना ओस्त्या!’, ‘ई उना लेचे!’. आश्चर्यानं किंवा चिडून: ‘ओस्त्या!’, ‘लेचे!’. एकामागून एक जागा तंतोतंत जुळतात. ओस्त्या ज्या ज्या खुर्चीत बसते त्या प्रत्येक खुर्चीत दूध बसू शकतं, फक्त दुधाची धग कमी. कोडं सुटतं ते इथे. वेग, थप्पड आणि थोरवी यांचा दुधाशी स्वतंत्र संबंध शोधत बसायचं कारणच नाही. हे साचे शिव्यांचे आहेत आणि दूध त्यांत ओतलेलं आहे.

असे सौम्य पर्याय स्पॅनिशनं भरपूर काढले आहेत, आणि त्यांतले कितीतरी खाण्याचेच आहेत. ‘ओस्त्या!’ म्हणायला तोंड उघडलं आणि समोर आजी दिसली, तर माणूस शेवटच्या क्षणी वळण घेऊन ‘ओस्त्रास!’ म्हणतो, म्हणजे कालवं. थपडेला ‘तोर्ता’ म्हणजे चपटा गोल केक, ‘गायेता’ म्हणजे बिस्किट, ‘पिन्या’ म्हणजे अननस, ‘कास्तान्या’ म्हणजे चेस्टनट, काहीही चालतं. कास्तान्या तर वेगालाही चालतो: ‘आ तोदा कास्तान्या’. स्पॅनिश बापानं ‘बिस्किट हवंय का?’ असं दरडावून विचारलं तर हात पुढे करू नये.

देवाचं नाव टाळण्याची हीच कसरत आणखी एका साच्यात दिसते. स्पॅनिश शिव्यांचं आवडतं क्रियापद शौचाचं आहे: ‘मे कागो एन…’, अमक्यावर मी घाण करतो. पूर्ण रागात तिथे देवाचं नाव येतं, ‘दिओस’. ते गिळायचं असेल तर ‘दिएथ’ म्हणजे दहा हा आकडा येतो, निव्वळ उच्चार जवळचा म्हणून. आणि दूधही येतं: ‘मे कागो एन ला लेचे’. हातोडी बोटावर बसली, किल्ली आत राहिली आणि दार लागलं, अशा वेळी हे सहज निघतं, कुणाला उद्देशून नसतं. त्यापुढे ‘के मामास्ते’ जोडलं की मात्र ते ‘तू प्यायलास त्या दुधावर’ होतं, थेट समोरच्याच्या आईवर जातं, आणि मग खऱ्या लेचे मिळण्याची तयारी ठेवावी.

दुधाला आणखी एक सावली आहे, तीही सांगायला हवी. अश्लील बोलीत लेचे म्हणजे वीर्य. प्रत्येक वेळी बोलणाऱ्याच्या मनात ते असतं असं नाही, बहुतेकदा नसतंच. पण ही सावली मागे असल्यामुळे हा इतका निरागस शब्द पूर्ण निरागस होत नाही, आणि साळसूद ‘ओस्त्रास’पेक्षा त्याला थोडी अधिक धार राहते. स्पॅनिश शब्दकोशांत अशा शब्दांसाठी ‘माल्सोनान्ते’ असा खास शेरा असतो, म्हणजे कानाला वाईट लागणारा. मित्रांत चालेल, पहिल्या मुलाखतीत चालणार नाही.

आता त्या ‘ला’ आणि ‘उना’कडे येऊ. दूध मोजता येत नाही, मापता येतं. ‘लेचे’ किंवा ‘उन वासो दे लेचे’, पेलाभर दूध, इथवर ते पेय आहे. त्याला ‘उना’ लावून एक-दोन असं मोजायला लागलात की ते दूध राहत नाही, तडाखा होतो. ‘दामे उना लेचे’ हे वाक्य ‘एक दूध द्या’ या हिशेबानं बनवलं तर व्याकरणात चूक नाही, पण त्याचा सरळ अर्थ ‘मला एक लगावून दे’ असा निघतो. हॉटेलातला माणूस समजून घेईल, हसेल, दूधच देईल. तरी पेला मागावा.

‘ला’ लागला की उलटं: ते परमोच्च टोक होतं. ‘एरेस ला लेचे’, तू म्हणजे ना, कमाल आहेस. हे वाक्य कौतुकाचं की वैतागाचं, हे शब्दांत कुठेच नसतं, सुरात असतं. मित्रानं वाढदिवसाला न सांगता केक आणला तरी ‘एरेस ला लेचे’, आणि तासभर उशिरा आला तरी ‘एरेस ला लेचे’. मराठीत ‘धन्य आहेस’ अगदी असंच दोन्हीकडे चालतं. अनेकवचन झालं, ‘लेचेस’, की शब्द पुरताच पोकळ होतो: ‘के लेचेस आथेस?’, काय डोंबल करतोयस? ‘नि एक्सामेन नि लेचेस’, परीक्षा नाही न बिरीक्षा नाही. इथे दुधाचं काम फक्त वाक्याला जोर देण्याचं.

समुद्रापलीकडे दूध फळतं

आतापर्यंतचं बरंचसं स्पेनपुरतं आहे. मेक्सिको किंवा कोलंबियात कुणाला ‘तू ला लेचे आहेस’ म्हणालात तर तो अर्थ लावेल, पण स्पॅनिश मालिकांच्या जोरावर. दक्षिण अमेरिकेच्या बऱ्याच भागांत दुधानं वेगळीच वाट धरली आहे: तिथे लेचे म्हणजे नशीब. अर्जेंटिनात किंवा व्हेनेझुएलात ‘तेनेर लेचे’, दूध असणं, म्हणजे नशीबवान असणं. पेरूमध्ये लॉटरी लागलेल्या माणसाला ‘लेचेरो’ म्हणतील. शब्दशः गवळी, अर्थानं नशिबाचा सिकंदर.

त्यामुळे ‘के लेचे!’ हे एकच वाक्य ब्वेनोस आइरेसमध्ये ‘काय नशीब काढलं!’ असं होतं आणि माद्रिदमध्ये कुणी सायकलवरून पडलं की ‘काय आपटला!’ असं. अर्जेंटिनात ‘माला लेचे’ मग दुर्दैवही होतं आणि खुनशीपणाही राहतो. कोणता, ते प्रसंगावरून ठरतं. एका देशातली यादी दुसऱ्या देशात नेऊ नये, ती म्हणूनच.

पंचतंत्रातून आलेली गवळण

दुधाच्या कुटुंबातला एक प्रयोग सर्वत्र, सभ्य तोंडीही चालतो: ‘एल क्वेन्तो दे ला लेचेरा’, गवळणीची गोष्ट. डोक्यावर दुधाची घागर घेऊन गवळण बाजाराला निघते. दूध विकून अंडी घेईन, अंड्यांची कोंबड्या, कोंबड्यांचं डुक्कर, डुकराची गाय आणि वासरू, वासरू कुरणात उड्या मारेल, असं म्हणत तीच उडी मारते आणि घागर फुटते. स्पॅनिश मुलं ही गोष्ट फेलिक्स मारिया सामान्येगोच्या पद्यकथेतून शिकतात. त्याचा संग्रह १७८१ चा.

पण गोष्ट आपली आहे. पंचतंत्रातला स्वभावकृपण नावाचा ब्राह्मण भिक्षेत उरलेल्या सातूच्या पिठाचं मडकं खुंटीला टांगतो आणि खाली पडून हिशेब करतो: दुष्काळात पीठ विकीन, शेळ्या घेईन, मग गाई, म्हशी, घोड्या, वाडा, बायको, मुलगा सोमशर्मा. बायको ऐकत नाही म्हणून स्वप्नातच लाथ उगारतो, लाथ मडक्याला लागते आणि तो पिठानं पांढराफटक होऊन पडतो. ‘सोमशर्मपिता’ हा संस्कृतात वाक्प्रचारच झाला.

सहाव्या शतकात पंचतंत्र इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ते अरबीत आणलं, आणि अरबीतून १२५१ मध्ये कास्तियाच्या भाषेत उतरलं. ते उतरवून घेणारा युवराज पुढे गादीवर बसला तो दहावा आल्फोन्सो, ज्यानं राजदायांचं ते कलम करवून घेतलं तोच. त्या भाषांतरात पिठाच्या जागी मध आणि लोणी आहे. त्याचाच पुतण्या हुआन मानुएल यानं १३३५ च्या सुमारास ब्राह्मणाच्या जागी एक बाई आणली, दोन्या त्रुआना. तिच्या डोक्यावर मधाचं मडकं. १६७८ मध्ये फ्रान्समधल्या ला फोन्तेनच्या पद्यकथेत मधाऐवजी दूध दिसतं, आणि तेच दूध सामान्येगोच्या गवळणीनं स्पॅनिशमध्ये आणलं. पिठानं पांढरा झालेला ब्राह्मण अर्धं जग चालून दुधानं भिजलेली मुलगी झाला.

आज स्पॅनिश वर्तमानपत्रात सरकारच्या अंदाजपत्रकावर टीका करताना ही गवळण हमखास येते: अजून न जमलेल्या कराच्या भरवशावर आखलेल्या योजना, ‘एल क्वेन्तो दे ला लेचेरा’. घरातही येते. फ्लॅट घ्यायच्या आधीच त्याचं भाडं किती येईल आणि त्या भाड्यातून दुसरा फ्लॅट कधी घेता येईल हे मोजणाऱ्या नवऱ्याला बायको एवढंच म्हणते, ‘या एस्तास कोन ला लेचेरा’, झाली का तुझी गवळण सुरू.